निपाणीच्या ताईंना उत्तर : आर्कममधले रुग्ण आणि बॅटमॅनचा ठोसा

ताई, नमस्कार.

'बॅटमॅन : आर्कम असायलम' या व्हिडिओ गेमवरचा माझा लेख वाचून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. इतक्या जुन्या गेमचं कौतुक आता कशाला, ही एक. आणि आर्कम नावाच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात शिरून एक धडधाकट माणूस रुग्णांना बडवत सुटतो, यात तुम्हाला शौर्य दिसलं तरी कसं, ही दुसरी. मनोरुग्ण विभागात अकरा वर्षं परिचारिका होते, असं तुम्ही खाली लिहिलंय. उत्तराला आठवडा लागला, कारण गेम पुन्हा पहिल्यापासून खेळल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

जुन्या गेमचं आधी सांगतो. गेम आला २००९ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा मी बेळगावात कॉलेजला होतो. घरच्या कॉम्प्युटरवर बाबांचं टॅली चालायचं, ग्राफिक्स कार्डाचा प्रश्नच नव्हता. टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत तासावर काउंटर स्ट्राइक खेळायचो, पण हा गेम उचलेल असं मशीन तिथेही नव्हतं. पुढे नोकरी, लग्न, घराचं कर्ज. यंदा पावसाळ्यात जुनं पण बरं मशीन हाताला लागलं आणि सतरा-अठराव्या वर्षी मनात धरलेली गोष्ट पुरी केली. मधल्या काळात गेम शिळा झालेला नाही, एवढंच मला लेखात सांगायचं होतं.

दुसरा मुद्दा मात्र लागला. का लागला, तेही सांगतो.

आमच्या गल्लीत कुणी जरा वेगळं वागलं की 'ह्याला धारवाडला धाडा' म्हणायचे, कारण मनोरुग्णांचं इस्पितळ तिथे. तुमच्याकडेही म्हणत असतील. माझे धाकटे काका खरंच धारवाडला उपचाराला जायचे. महिन्यातून एकदा, सकाळच्या बसने. कापडी पिशवीत फाईल आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, डॉक्टरांना दाखवायला म्हणून रबर लावून नीट ठेवलेली. संध्याकाळी येताना पेढे आणायचे आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना वाटायचे. पोरं पेढा तोंडात टाकायची आणि काकांची पाठ वळली की 'धारवाड, धारवाड' ओरडायची. काका वळून बघायचे नाहीत. पायरीवर चपला काढायचे, जोडीने लावून ठेवायचे आणि आत जायचे. त्यामुळे तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मला आधी त्या चपला आठवल्या.

आता गेममध्ये काय आहे ते नेमकं सांगतो, कारण तुम्ही तो खेळलेला नाही आणि माझ्या लेखातून तुमचा गैरसमज झाला असेल तर दोष लेखाचा आहे. बॅटमॅन ज्यांच्याशी लढतो त्यातले बहुतेक जण रुग्ण नाहीत. ब्लॅकगेट तुरुंगात आग लागली म्हणून तात्पुरते आर्कमच्या बेटावर, म्हणजे या इस्पितळात, आणून ठेवलेले ते कैदी आहेत, बॅटमॅनचा शत्रू जोकर याची माणसं. हे मी लेखात लिहायला हवं होतं. पण तुमचा मुद्दा एवढ्याने संपत नाही. पुढे कोठड्या उघडतात आणि खरेखुरे रुग्णही अंगावर धावून येतात. बोलत नाहीत, नाव नाही, किंचाळत येऊन गळ्याला चिकटतात. झटकायचं, खाली पाडायचं, गप्प करायचं. या वेळी तिथे माझा हात अडला. गेमने त्या माणसांना माणूस ठेवलेलंच नाही, आणि पहिल्या खेळीत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. इथे तुम्ही बरोबर आहात.

हे दुखणं गेमच्याही आधीचं आहे. १९७४ मध्ये बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये ही जागा पहिल्यांदा आली तेव्हा तिचं नाव आर्कम हॉस्पिटल होतं. 'असायलम' नंतर झालं. इस्पितळाची पाटी उतरली आणि तिथला माणूस भीती दाखवायच्या कामाला लागला.

तरीही मी कौतुक मागे घेत नाही. या गेममधलं मला सगळ्यात मोठं वाटलं ते ठोशांमध्ये नाही. मारामारी सुरेख आहे, होय. एक बटण मारायला, एक अडवायला, वार येण्याआधी शत्रूच्या डोक्यावर निळ्या रेषा चमकतात, आणि ताल सापडला की बोटं आपोआप चालतात. पण स्केअरक्रो या दुसऱ्या खलनायकाचे प्रसंग बघा की. तो विषारी वायू सोडतो आणि बॅटमॅनचं स्वतःचं मन फाटायला लागतं. शवागारात प्रेतांच्या पिशव्या आहेत. उघडाव्या लागतात. आत त्याचे आईवडील असतात आणि ते बोलतात. पुढे एका लांब कॉरिडॉरची पावसातली गल्ली होते, ज्या गल्लीत त्यांचा खून झाला तीच, आणि चालता चालता तो लहान मुलगा होतो. आपल्या हातात मारायचं काहीच नसतं. फक्त त्या पोराला पुढे चालवायचं.

तिसऱ्यांदा तर पडदाच फाटला. चित्र तुटलं, रंग विस्कटले. बाहेर धो धो पाऊस, मला वाटलं व्होल्टेज गेलं, मी उठून स्टॅबिलायझरचा काटा बघितला. काटा जागेवर होता. वळून बघतो तर गेम पहिल्यापासून सुरू झालेला, फक्त सुरुवातीला बॅटमॅन जोकरला बांधून गाडीतून आणतो, आणि या वेळी गाडी जोकर चालवत होता आणि बांधलेला होता बॅटमॅन. पुढे त्याच इस्पितळाच्या दारातून त्याला रुग्ण म्हणून आत नेतात. ताई, ज्याला आपण दहा तास नायक म्हणून वागवलं तोही या दारातून आत येऊ शकतो, हे गेम असं दाखवतो. आवाज केव्हिन कॉनरॉय यांचा. १९९२ च्या कार्टून मालिकेपासून बॅटमॅनला आवाज देणारे हे गृहस्थ २०२२ मध्ये गेले. कुठेही आरडाओरडा न करता त्यांनी या माणसाचं तुटणं आवाजात आणलंय.

आणखी एक. बेटावर जागोजागी कोरीव संदेश सापडतात, इस्पितळाच्या संस्थापकाच्या नावाने. शेवटी कळतं की ते लिहिणारा खुद्द तिथला वॉर्डन, म्हणजे इस्पितळाचा प्रमुख, स्वतःच भ्रमात असलेला. त्याच्यावर उपचार होत नाहीत, कारण खुर्ची त्याची आहे. लेखात यावर मी अर्धी ओळ लिहिली आणि शेवटच्या कंटाळवाण्या लढाईवर दोन परिच्छेद. उलट करायला हवं होतं.

डॉक्टर आणि रुग्णांच्या मुलाखतींच्या टेप्सही त्या बेटावर विखुरलेल्या आहेत. त्या ऐकायला लढावं लागत नाही. तुम्हाला चालणार असेल तर मी त्या मराठीत उतरवून पाठवतो. त्यातले डॉक्टर प्रश्न कसे विचारतात, कुठे चुकतात, हे तुमच्याइतकं मला कळणार नाही, आणि तुम्ही लिहिलंत तर ते इथेच, माझ्या लेखाच्या शेजारी छापेन.

मूळ लेखात मी 'वेडे' हा शब्द तीनदा वापरला होता. आज तिन्ही जागी बदललाय.