कंपवाताच्या गोळीवर फिरणारा मेसेज आणि घानाचे पेशंट

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. मजकूर असा: 'लेव्होडोपा ही कंपवाताची गोळी परदेशात अगदी शेवटी देतात, आपल्याकडे पहिल्याच दिवशी माथी मारतात. पाच वर्षांत तिचा असर संपतो आणि अंग वेडंवाकडं हलू लागतं. आफ्रिकेत ही गोळी मिळत नाही, म्हणून तिथे हा त्रास नाही. गोळी आजच बंद करा, कवचबीजाची पावडर घ्या.'

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या अण्णांशेजारी बसणाऱ्या एका काकांनी हे वाचून खरोखरच गोळी बंद केली. चौथ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठवायला दोन माणसं लागली. मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गोळ्यांच्या वेळा सांभाळते आहे आणि त्यापायी जे वाचलं, विचारलं, ते इथे मांडते.

'परदेशात शेवटी देतात.' असा एक काळ होता. लेव्होडोपा राखून ठेवायची आणि आधी रोपिनिरोल, प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्या द्यायच्या, ही पद्धत तिकडे बरीच वर्षं चालली. मग ब्रिटनमध्ये १,६२० पेशंटवर 'पीडी मेड' हा मोठा अभ्यास झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले: लेव्होडोपाने सुरुवात केलेल्यांचं रोजचं जगणं, थोड्या फरकाने का होईना, सरस होतं. रोजच्या हालचाली अडू लागल्या असतील तर लेव्होडोपाच द्या, असं ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये सुरुवातीसाठी तिलाच पसंती दिली. शिवाय त्या दुसऱ्या गोळ्यांमुळे काही पेशंटना जुगाराचा, खरेदीचा न आवरणारा नाद लागतो, हे मेसेजात कुठेच नाही.

देशादेशांत फरक आहेत, ते नाकारत नाही. झोनिसामाइड हे फिटचं औषध जपानमध्ये २००९ पासून कंपवातासाठीही मान्य आहे. इस्ट्राडेफायलिन जपानला २०१३ मध्ये मिळालं, अमेरिकेला २०१९ मध्ये. पण ही जोडीची औषधं. मुख्य गोळी सगळीकडे तीच.

आता आफ्रिका. मेसेजातला हा सर्वांत ठाशीव दावा, आणि नेमका तोच तपासून झालेला आहे. घानामध्ये लेव्होडोपा मिळणं अवघड, त्यामुळे तिथल्या पेशंटना ती उशिरा सुरू होते. इटलीच्या आणि घानाच्या डॉक्टरांनी मिळून तिथल्या ९१ पेशंटची तुलना इटलीतल्या पेशंटशी केली. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आजार सुरू झाल्यापासून गोळी मिळेपर्यंत इटलीत सरासरी २.४ वर्षं गेली होती, घानात ४.२. गोळीच पाच वर्षांनी घात करत असती, तर घानात असर उतरण्याचा आणि अंग हलण्याचा त्रासही तेवढाच उशिरा यायला हवा होता. तसं झालं नाही. दोन्हीकडे आजाराला साधारण तेवढीच वर्षं झाल्यावर तो आला. घानाच्या पेशंटनी उशिरा गोळी घेऊन काही वाचवलं नाही. मधली वर्षं मात्र अखडलेल्या अंगाने काढली. त्रासाचं नातं निघालं ते आजाराच्या वर्षांशी आणि दिवसभरातल्या एकूण डोसशी. डोसचा मुद्दा खरा आहे. तो डॉक्टरांशी बोलून कमी-जास्त करायचा असतो.

असं का होतं, ते मला आमच्या गच्चीवरच्या टाकीने समजलं. टाकी धड असेल तर महापालिकेचं पाणी एकदा आलं तरी दिवस निघतो. टाकी गळू लागली की नळ चालू असेल तेवढाच वेळ पाणी. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन बनतं, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन. ते साठवणाऱ्या पेशी आजाराने कमी होत जातात, म्हणून पूर्वी तीन वेळा पुरणारी गोळी आता अण्णांना पाच वेळा लागते. गोळी तीच आहे. कमी झाली ती साठवण.

'कवचबीज घ्या.' कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी, आणि त्यात असते लेव्होडोपाच! १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ती या बियांतून वेगळी काढली होती. म्हणजे जी विषारी म्हणून सोडायची, तीच पावडरीतून घ्यायची. गोळीत जोडीला कार्बिडोपा असतं, त्यामुळे औषध मेंदूबाहेर वाया जात नाही आणि मळमळ कमी होते. साध्या पावडरीत ते नसतं, आणि कुठल्या चमच्यात किती लेव्होडोपा गेली हे कळत नाही.

'आजच बंद करा' हे वाक्य तर सर्वांत धोक्याचं. गोळी एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं होऊन जोराचा ताप चढू शकतो आणि जिवावर बेतू शकतं. काका वेळेत दवाखान्यात गेले.

औषधातला जो फरक मला छळतो, त्यासाठी परदेशात जावं लागत नाही. नाशिकमध्ये गोळे कॉलनीत हवी ती गोळी मिळते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचे वडील सुरगाण्याकडच्या पाड्यावर राहतात. कंपासाठी त्यांना तीन वर्षं फक्त ट्रायहेक्सिफेनिडिल चालू होती. ती स्वस्त आहे, थरथर थोडी कमीही करते, पण म्हाताऱ्या माणसाला तिने विसर पडतो, भ्रम होतो, लघवी अडते. त्यांना घरातली नावं आठवेनात, तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपा भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तरी त्यांच्यापर्यंत ती पोचली नव्हती. नाशिकच्या न्यूरो डॉक्टरांनी जुनी गोळी हळूहळू उतरवली आणि ही सुरू केली. आता ते आपल्या हाताने जेवतात. ताई दर महिन्याला पाकिटं घेऊन सुरगाण्याची एसटी पकडतात.

गेल्या आठवड्यात ताईंच्या भावानेही त्यांना तोच मेसेज पाठवला.