'कादंबरी आहे, प्रबंध नव्हे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि विश्वासराव, माधवराव, नारायणराव यांच्या आई गोपिकाबाई, यांच्यावर कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी टाकलेल्या लेखावर तुम्ही खरमरीत आणि सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तिथ्या, लुगडी आणि रस्ते यांचा मी काथ्याकूट करते, त्यामुळे लेखकाचे हात बांधले जातात, बायकांनी कागद मागे ठेवलेच नाहीत, तेव्हा कल्पनेशिवाय इलाज नाही, आणि नायिकेने आजच्या बाईसारखं बोललेलं मला खपत नाही, म्हणजे मला ती गप्पच हवी आहे. शिवाय 'चुका दाखवता, मग गंगापूरचा प्रसंग लिहायचा तरी कसा?' हेही विचारलंत, म्हणजे नाशिकजवळच्या गंगापूरला राहणाऱ्या गोपिकाबाईंना नारायणरावाच्या खुनाची बातमी कळते तो.

तुमचा एक मुद्दा बिनतोड आहे, तो आधी. 'पेशवाईतली विधवा पांढऱ्या साडीत दिसली की पुस्तक मिटावं' हे वाक्य मी झोकात लिहून गेले. केशवपन केलेल्या बाईचं लाल आलवण आपल्या ओळखीचं असलं तरी पांढरं वस्त्रही चालत होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. माझा राग खरं तर त्या परीटघडीच्या शुभ्रपणावर आहे. रोज ओलेत्याने धुवायचं, सोवळ्याच्या काठीवर वाळत टाकायचं, असं वस्त्र चार महिन्यांत विटतं. ते विटलेलं दाखवा, मग रंग कुठला का असेना.

आता तिथ्या. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात झाला. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपती बसलेले, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी. गारदी आत घुसले ते दुपारी. आपल्या कथा-नाटकांत मात्र हा प्रसंग हमखास मध्यरात्री घडतो, बाहेर किर्र काळोख, कुठे तरी घुबड. दुपार ठेवली तर काय मिळतं बघा: जेवणानंतरची सुस्तावलेली वेळ, उत्सवाची वर्दळ, आणि एवढ्या माणसांदेखत अठरा वर्षांचा मुलगा मारला जातो. हे घुबडापेक्षा जास्त भयंकर आहे. त्या रात्रीचं वर्णन करायचंच असेल तर पौर्णिमा दोन दिवसांवर होती. काळोख हवाच असेल तर ढग आणा, भाद्रपद आहे. अमावास्या आणू नका.

तारीख काढताना घात होतो तो सुहूर सनात, म्हणजे मराठी कागदांतल्या अरबी आकड्यांच्या कालगणनेत. मोडी पत्रावर आकडा नसतो, अरबी शब्द असतात: 'अर्बा सबैन मया व अलफ'. चार, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७४. वर्ष मृग नक्षत्र लागताना बदलतं, म्हणून जून ते डिसेंबरमधल्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेमधल्या पत्राला ६००. इथे आले १७७३. नवख्याची चूक एकक-दशकात होते. 'सबा' सात, 'सबैन' सत्तर. 'सित' सहा, 'सितैन' साठ. 'सबा सितैन' म्हणजे ६७ आणि 'सित सबैन' म्हणजे ७६. घाईत एकाचं दुसरं वाचलंत की पत्र नऊ वर्षं पुढे सरकतं, १७६६चं १७७५ होतं, आणि १७७२मध्ये थेऊरला वारलेले माधवराव त्यात खुशाली विचारत बसतात. उत्तरेकडच्या नोंदींत आणखी एक खोच: तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद वद्य. अहिल्याबाईंवर लिहिताना दोन्हीकडची साधनं हाताळावी लागतात, तिथे महिन्याचा घोळ हमखास होतो.

हा काथ्याकूट वाटतो खरा, पण कथानकच त्यावर उभं राहतं किंवा पडतं. तुम्ही सुचवलेला प्रसंग घ्या: म्हातारपणी गोपिकाबाई आणि आनंदीबाई गोदेच्या घाटावर समोरासमोर येतात, एक गंगापूरहून, दुसरी आनंदवल्लीहून. दोन गावांत अंतर थोडं, एकीच्या मुलाच्या खुनाचा आळ दुसरीच्या घरावर. कुणालाही मोह पडेल. पण गोपिकाबाई १७८८मध्ये वारल्या. आनंदीबाईंचे पती राघोबा १७८३च्या डिसेंबरात कोपरगावला वारले, त्यानंतर आनंदीबाई मुलांसह कोपरगावीच होत्या, आनंदवल्लीला आल्या त्या १७९३मध्ये, आणि पुढच्याच वर्षी वारल्या. भेट होणार कशी? झाली नाही, हाच प्रसंग लिहावा असं मला वाटतं. ज्या नदीकाठी जाऊबाई पंधरा-वीस वर्षं राहून गेली, तिथे ती मेल्यावर पाच वर्षांनी आनंदीबाई येऊन राहते. पाणी तेच, आणि जाब विचारणारं कुणी उरलेलं नाही. 'ध चा मा'चा मूळ कागद आजवर कुणी पुढे आणलेला नाही, हे मनात ठेवून हा भाग लिहिलात तर तुमची आनंदीबाई खलनायिका होण्यावाचून वाचेल.

कागद नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड छापलेले आहेत. सूचीत बाईचं नाव शोधाल तर निराश व्हाल; तीर्थयात्रा, दानधर्म, खासगी खर्च, लग्नकार्य या नोंदींत शिरा. रोजकीर्द वाचायला शिका. दक्षिणा किती, तूप किती, लुगडं कुणाला, हे तिथे दिवसवार असतं, आणि एखाद्या महिन्यात खर्च एकदम आटला तर का आटला हे विचारता येतं. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, कसं वागावं याची कलमवार शिकवण लिहून पाठवली होती. ते पत्र छापलेलं आहे. बाईचा आवाज याहून जवळून कुठे ऐकायचा? आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही आहेत, गाव-आडनावानुसार लावलेल्या.

पत्रांचे मायने, म्हणजे सुरुवातीची संबोधनं, तर फुकटचं व्यक्तिचित्रण आहे. वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप', धाकट्यांना 'चिरंजीव', सवाष्णीला 'सौभाग्यवती', विधवेला 'गंगाभागीरथी'. आता सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंकडे या. भाऊ १४ जानेवारी १७६१ला पानिपतात पडले. त्या स्वतः त्या मोहिमेत होत्या. परत आल्या आणि नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही, सौभाग्याची चिन्हं उतरवली नाहीत. भाऊंचा तोतया उभा राहिला, १७७६मध्ये त्याला मारलं, तरी त्या बधल्या नाहीत. १७८३मध्ये त्या वारल्या, तेव्हा कुठे भाऊंचं उत्तरकार्य त्यांच्याबरोबरच झालं. बावीस वर्षं! त्याच वाड्यात जून १७६१मध्ये गोपिकाबाई विधवा झालेल्या. एकीच्या हातात बांगड्या, दुसरीच्या नाहीत, आणि दोघींना पत्र लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी मायन्यावर अडखळतेय. इथे पार्वतीबाईंच्या तोंडी रूढींविरुद्ध दीड पानाचं भाषण घातलं की सगळं सपाट होतं. मला ती गप्प नको आहे. भाषण न करता तिने जे केलं, ते झाकलं जाऊ नये एवढंच. तिने रूढी मोडली ती रूढीच्याच नियमाने: नवरा मेल्याचा पुरावा दाखवा, मग बघू.

अहिल्याबाईंच्या बाबतीत उलटा प्रकार. १७५४मध्ये कुंभेरीला त्यांचे पती खंडेराव मारले गेले, सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही. या एका प्रसंगात निम्मी पुस्तकं खर्ची पडतात. १७६७ ते १७९५ हा कारभार मग देवळांच्या यादीत गुंडाळतात. वसुली, तंटे, घाटाच्या दगडाचे पैसे, यांतच ती बाई दिसते. जाता जाता, नाशिकचा अहिल्याबाई होळकर पूल त्यांनी बांधलेला नाही. तो इंग्रजी अमदानीतला व्हिक्टोरिया पूल. हस्तलिखितात त्यावरून त्यांची पालखी नेऊ नका.

नाशिकच्या देखाव्यात आणखी दोन खड्डे. १७७३च्या प्रसंगात काळारामाचा काळा सभामंडप नको, आजचं मंदिर १७९०च्या सुमारास पुरं झालं. नारोशंकर १७४७चं, सुंदरनारायण १७५६चं, ती चालतील. आणि गंगापूरला जाऊन आज दिसणारी नदी लिहू नका, ती वरच्या धरणातून सोडलेली असते. उपासाला साबुदाण्याची खिचडी कितीही जीभेवर आली तरी वरीचे तांदूळ, शिंगाडा यावर भागवा.

तर गंगापूरचा प्रसंग. पुण्याहून नाशिक साधारण ६५ कोस. पालखीला दिवसाला सात-आठ कोस धरले तरी आठ-नऊ मुक्काम, आणि तेही उन्हाळ्यात. भाद्रपदात वाटेत मोशीला इंद्रायणी, खेडला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना, पुढे कुकडी, घारगावला मुळा, संगमनेरला प्रवरा, आणि नाशिकच्या तोंडाशी दारणा. पूल नाहीत, उतार किंवा नाव. एकट्या जासुदाचा वेग पालखीच्या कितीतरी पट, पण पुराला तोही काठावर बसतो. प्रत्येक नदीवर तुम्ही त्याला किती थांबवता, त्यावर बातमी तिसऱ्या दिवशी पोचते की आठव्या, हे ठरेल. आणि ते ठरवून लिहा, कारण दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेल्या दिवसांचंच सुतक. आठव्या दिवशी कळलं तर पोटच्या पोरासाठी गोपिकाबाईला दोन-तीन दिवस. विश्वासराव पानिपतात गेला तेव्हाही ती जवळ नव्हती, माधवराव गेला तेव्हाही नाही. हा तिसरा आणि शेवटचा.

जासूद दारणा उतरून आला आहे, लखोटा मेणकापडात असूनही कडेने भिजलेला. तो कुणी फोडला, वाचून कुणी दाखवला, आत 'मारले' असा शब्द होता की आणखी काही, हे सगळं तुमच्या हाती आहे. फक्त त्याला भिजलेल्या पायांनी सोवळ्यात येऊ देऊ नका. तो ओटीवरच थांबेल आणि तिला बाहेर यावं लागेल.