फेणीचे घोट आणि पहिल्या वर्षाचं पिस्तूल

‘छोटं पिस्तूल पहिल्या वर्षी? म्हणजे मरण!’ या लेखात मी म्हटलं होतं, की नवं छोटं पिस्तूल बाजारात आल्यावर पहिल्याच वर्षी घेऊ नये, आधी दुसऱ्यांना झाडू द्यावं. त्यात सिग कंपनीच्या पी३६५ या छोट्या पिस्तुलाचं उदाहरण होतं. त्यावर ‘सडेतोड पुणेकर’ असं नाव लावणाऱ्या गृहस्थांनी प्रतिक्रिया लिहिली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं नंतर कोणी म्हणायला नको.

“काका, सिग पी३६५च्या २०१८मधल्या तक्रारी आज उगाळणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. त्या तक्रारी दूर झाल्या आणि पिस्तूल धडाधड खपलं. टेक्सासमधल्या माझ्या मेहुण्याने पाचशे गोळ्या झाडल्या, एक अडकली नाही. तुम्ही स्वतः एक तरी झाडली आहे का? ओळखीतल्या दोघांची गाऱ्हाणी म्हणजे पुरावा नव्हे. रिव्हॉल्वरचं कौतुक हे निव्वळ वयाचं लक्षण. आणि शीर्षक काय ते! गोव्यात बसून, फेणीचे घोट घेत, अमेरिकेतली पिस्तुलं नापास करणं सोपं असतं.”

‘काका’ म्हटल्याचा राग नाही, वय झालंच आहे. पण मतभेद मांडायची एक रीत असते. ‘तुमचा अमुक मुद्दा मला पटला नाही’ असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मी या पानावर कुणाला कधी अरे-तुरे केलेलं नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा आव त्याच्याच जिवावर आहे.

मी फेणी पीत नाही. आजोबांनी पंढरीची माळ घातली तेव्हापासून आमच्या घरात कुणी पीत नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम सुरू झाला की भट्ट्या लागतात आणि उर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास वाडीभर पसरतो, हे खरं. त्या भट्टीसमोर भर उन्हाळ्यात उभं राहणाऱ्या माणसाची मेहनत बघितली असती तर त्याच्या मालाचं नाव असं कुचेष्टेने घेतलं नसतंत. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आडवं पडून राहिल्याबद्दल मिळालेलं नाही. गोयकार म्हणजे माडाखाली पेला घेऊन लोळणारा इसम, हे चित्र कुणी काढलं? शुक्रवारी रात्रीच्या बसने येऊन रविवारी रिकाम्या बाटल्या वाळूत टाकून जाणाऱ्यांनी. त्या बसगाड्या कुठून सुटतात हे मी लिहीत नाही. तुम्ही सुज्ञ आहात.

आता ‘गोव्यात बसून’. वडिलांचं कुळागर होतं. पोफळी, केळी, थोडी मिरी. दिवसा खेती, म्हणजे माकडं, यायचे आणि रात्री रानडुकरं. घरात शेतराखणीच्या परवान्यावरची बंदूक होती आणि पावसाळ्यात तिची नळी कोरडी ठेवण्याचं काम लहानपणापासून माझ्याकडे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आली की आधी गंज बघायचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोखंडाशी हवा काय करते ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

पुढे केंद्राच्या एका सशस्त्र दलात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून उमेदीची सगळी वर्षं कोतमध्ये गेली. कोत म्हणजे शस्त्रागार, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे बहुतेक ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेलं ‘९ एमएम १ए’ असायचं, म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर या विदेशी पिस्तुलाचा देशी अवतार. तेरा गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, अंगाने दणकट. ईशान्येतल्या एका पावसाळी तैनातीत जवानांची पिस्तुलं अडायला लागली. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पुढे यायची, पण गोळी अर्धवट वर आलेली आणि तिचं नाक चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या गोळी बसायच्या जागेच्या, कडेला टेकलेलं. अधिकारी म्हणाले, पिस्तूल खराब. मी मॅगझिनं उघडली. पोटात चिखलाची पेस्ट आणि स्प्रिंगवर तांबडा गंज. पिस्तुलाला काहीही झालेलं नव्हतं. हे सांगतो अशासाठी, की पिस्तूल का अडतं हे मी काळ्या झालेल्या बोटांनी शिकलो आहे. तुमच्या मेहुण्याने ते झाडलं आहे. झाडणं निराळं आणि उघडणं निराळं.

आणि ते १ए भरभक्कम होतं. छोट्या पिस्तुलात खरी गोम निराळीच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा मागमूस नाही. गोळी तीच, दाब तोच, पण नळी जेमतेम तीन इंचांची आणि स्लाइड हलकी. हलकी स्लाइड जास्त वेगाने मागे फेकली जाते आणि तिचा प्रवासही आखूड. तिला आवरायला कडक स्प्रिंग घालावी लागते, म्हणजे ती पुढेही तितक्याच तडफेने येते. या एवढ्याशा वेळात झाडलेल्या गोळीची रिकामी केस, म्हणजे तिचं कवच, बाहेर पडली पाहिजे आणि मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढची गोळी वर आणून तयार ठेवली पाहिजे. मोठ्या पिस्तुलात स्प्रिंग जरा सुस्त असली तरी निभावतं, इथे स्लाइड गोळीच्या डोक्यावरून निघून जाते. त्यात मूठ आखूड, करंगळी हवेत लोंबकळते. मनगट सैल पडलं की स्लाइडला मागे जायला हवा तो आधार मिळत नाही. भोकाच्या नाकाची (हॉलो पॉइंट) गोळी घातली तर चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, रॅम्पवर, चढताना तिचे आणखी नखरे. शिवाय हे पिस्तूल खिशात किंवा कमरेला असायचं, म्हणजे घाम आणि कापडाचे तंतू आलेच. यातली प्रत्येक गोष्ट सांभाळता येते. सगळ्या एकदम सांभाळायला कारखान्याला वेळ लागतो, आणि तो वेळ गिऱ्हाइकाच्या खिशात जातो. माझ्या लेखात एवढंच होतं.

‘तक्रारी दूर झाल्या’ असं तुम्ही मला ठणकावून सांगता. अहो, तेच तर मी लिहिलं होतं! पी३६५ जानेवारी २०१८मध्ये आलं. पहिल्या काही महिन्यांतल्या पिस्तुलांत स्ट्रायकरचं, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळून ती उडवणाऱ्या दांडीचं, टोक मोडल्याच्या, ट्रिगर परत आणणारी स्प्रिंग तुटल्याच्या तक्रारी आल्या. झाडलेल्या गोळ्यांच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर, ओरखडे दिसत होते, कारण नळी खाली झुकू लागली तरी स्ट्रायकरचं टोक प्रायमरमधून पुरतं बाहेर आलेलं नसायचं. नंतर सुटे भाग सुधारले आणि आज ते पिस्तूल आपल्या वर्गात नावाजलेलं आहे. मी कुठे नाकारलं? एवढ्याशा मुठीत दहा गोळ्यांचं मॅगझिन बसवणं ही करामतच होती, आणि त्यानंतर बाकीच्या कंपन्यांना धावाधाव करावी लागली. लेखात हे वाक्य होतं. तुमच्या नजरेतून सुटलं असावं, घाईत सुटतं.

आणि हे एकट्या सिगचं नाही. स्मिथ अँड वेसनचं शील्ड २०१२मध्ये आलं आणि ऑगस्ट २०१३मध्ये कंपनीनेच इशारा दिला की ट्रिगरमधल्या दोषामुळे खाली पडल्यावर ते उडू शकतं, तपासून घ्या. त्याच महिन्यात स्प्रिंगफील्डने एक्सडी-एस परत मागवलं, गोळी भरताना आपोआप उडण्याच्या शक्यतेमुळे. रेमिंग्टनचं आर५१ तर २०१४च्या सुरुवातीला दुकानात आलं, जुलैत परत बोलावलं गेलं आणि नव्याने यायला २०१६ उजाडलं. शील्ड पुढे लाखोंनी खपलं. आर५१चं नाव आज कुणी काढत नाही. विकत घेण्याच्या दिवशी हातातलं पिस्तूल यातल्या कुठल्या वाटेने जाणार हे कळायला काही मार्ग असतो का? असेल तर कळवा, मी लेख मागे घेतो.

आता मेहुणे. पाचशे गोळ्या, अडथळा शून्य. अभिनंदन. पण संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: एखादी गोष्ट जितक्या वेळा करून एकदाही चूक झाली नाही, त्या संख्येने तीनला भागा. चुकीचं खरं प्रमाण त्याहून जास्त नाही एवढं पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणता येतं, त्यापलीकडे काही नाही. तीन भागिले पाचशे म्हणजे हजारात सहा. म्हणजे मेहुण्यांच्या निर्दोष पाचशे गोळ्यांनंतरही ते पिस्तूल हजारात सहादा अडणारं असू शकतं. दहा गोळ्यांच्या मॅगझिनमागे हिशेब केलात तर सतरातलं साधारण एक मॅगझिन मध्येच थांबणारं. हेही एकाच पिस्तुलाचं, मेहुण्यांच्या. शेजाऱ्याच्या पिस्तुलाबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. म्हणे पुरावा!

माझ्या ओळखीतल्या दोघांबद्दल म्हणाल, तर ते वर्षानुवर्षं शस्त्रं हाताळणारे लोक आहेत, त्यांचं म्हणणं मेहुण्यांच्या पंगतीत बसवू नका.

मी पी३६५ झाडलं आहे का? नाही. भारतात ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. ज्यांना हे ठाऊक आहे ते असला प्रश्न विचारत नाहीत. रिव्हॉल्वरबद्दल पुन्हा कधीतरी.

‘मग इथे मिळतच नाही त्यावर लिहिता कशाला’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. एक तर या पानाचे निम्मे वाचक गोव्याबाहेर आहेत. माझा आतेभाऊच तिकडे दुकान चालवतो आणि लेख त्याच्या प्रश्नावरून सुचला. दुसरं म्हणजे, आपल्याकडेही आता ३२ बोअरमध्ये नवी शस्त्रं येऊ लागली आहेत. कानपूरच्या सरकारी कंपनीने २०२३मध्ये ‘प्रबल’ हे रिव्हॉल्वर आणलं, खासगी कारखानेही उतरले आहेत. त्यातलं अमुक वाईट असं मी म्हणत नाही. पण टेक्सासमधल्या माणसाला पिस्तूल आवडलं नाही तर तो आठवड्यात बदलतो. इथल्या माणसाचं काय होतं?

इथला माणूस आधी जिल्हाधिकारी कचेरीत फेऱ्या घालतो. पोलिसांचा अहवाल, त्यानंतरची वाट, मग परवाना. २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रं, पूर्वी तीन चालत. त्यातली एक जागा बापजाद्यांच्या बंदुकीने अडवलेली असेल तर उरली एकच. घेतलेलं विकायचं तर आधी कळवा आणि परवानाधारक गिऱ्हाईक शोधा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट काडतुसांची. वर्षाला किती घ्यायची तो आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो, वर ती महाग. मेहुण्यांनी एका दुपारी उडवली असतील तेवढी काडतुसं इथल्या कित्येक परवानाधारकांना काही वर्षांत मिळून मिळत नाहीत. म्हणजे आपलं शस्त्र भरवशाचं आहे की नाही हे त्याला स्वतः झाडून कधी कळतच नाही. गरजेच्या रात्री कळतं. अशा माणसाला मी ‘थांब, आधी दुसऱ्यांना झाडू दे’ असं सांगितलं, तर त्यात फेणी कुठून आली?

इथल्या दमट हवेत पिस्तूल अंगावर बाळगायचं तर रोज पुसायला हवं, मॅगझिन महिन्यातून एकदा पूर्ण उघडायला हवं, आणि स्ट्रायकरच्या पोकळीत तेल ओतायचं नाही. तिथे तेल आणि धूळ मिळून चिकटा होतो आणि टोक पुरेशा जोराने पुढे जात नाही. हे मूळ लेखात राहून गेलं होतं, कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

एक गोष्ट मान्य करतो, म्हणजे मी हेकट आहे असं वाटायला नको. शीर्षक भडक होतं. शेवटचा तो ‘मरण’ शब्द कानाला बरा लागला म्हणून ठेवला होता. तो काढला आहे. मजकुरातलं एक अक्षरही बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेत मुद्दा असेल तर ती राहील. गोव्याच्या नावाने टिंगल असेल तर काढून टाकीन आणि कारण देत बसणार नाही. सावर्ड्याच्या एका वाचकाने मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते का असं विचारलं आहे. त्यांना गुरुवारी सविस्तर उत्तर देतो, त्यांनी प्रश्न नीट विचारला आहे.