मडकं फोडतात, पण जंतूंमुळे नाही

‘ज्यूंच्या अन्नशुद्धीत जंतुशास्त्र आहे, म्हणून पाळीतल्या बाईने स्वयंपाकघरात जाऊ नये’ हा फॉरवर्ड आता माझ्या वहिनीपर्यंत पोचलाय. लिहिणाऱ्याने मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा जुना संग्रह, उघडूनही पाहिलेली दिसत नाही.

म्हणे ओल्या धान्यात जंतू वाढतात, म्हणून त्याला विटाळ होतो. कोरडं धान्य विटाळत नाही, हे खरं. आधी त्याला सातांपैकी एक द्रव लागावा लागतो: पाणी, दव, ऑलिव्हचं तेल, द्राक्षाची दारू, दूध, रक्त किंवा मध. डाळिंबाचा रस चालत नाही. वर ते भिजणं मालकाला हवंसं असावं लागतं. नको असताना पावसात भिजलं तर धान्य ओलं असूनही निर्धास्त. मुद्दाम धुतलं तर वाळल्यावरही विटाळायला पात्र. जंतू मालकाची मर्जी विचारून वाढतात का?

मातीचं भांडं सच्छिद्र म्हणून फोडतात, हा दुसरा शोध. विटाळलेलं मडकं पाण्यात बुडवून शुद्ध होत नाही, ते फोडावंच लागतं. पण मेलेला उंदीर त्याला बाहेरून लागला तर काही होत नाही. आत नुसता लोंबकळला, कुठेही न टेकता, तरी विटाळ. दगडाची भांडी कधीच विटाळत नाहीत. शेणाचीही नाहीत. हो, शेणाची! बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित रामबाम (मायमोनिडीस) स्वतः वैद्य होते. ‘मिश्ने तोरा’ या आपल्या नियमग्रंथात ते स्पष्ट लिहितात की विटाळ म्हणजे पाण्याने जाणारा चिखल वा घाण नव्हे, ती धर्मग्रंथाची आज्ञा आहे.

हात धुण्याचं थोडं मान्य. तेरुमा, म्हणजे पिकातला कोहेनचा (पुरोहिताचा) वाटा, न धुतलेल्या हातांनी बाद होई; त्यातूनच पावाआधी हात धुणं आलं. पण तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या, गुंडाळीला हात लागला तरी हात विटाळतात! लोक तेरुमा ग्रंथांशेजारी ठेवत आणि उंदीर ग्रंथ कुरतडत; ते थांबावं म्हणून हा नियम.

आता पाळी. मृताचा विटाळ काढणारी लाल गाईची राख कधीच संपली, त्यामुळे आज स्त्री-पुरुष सगळेच विटाळलेले धरतात. म्हणून साधारण 1.2 किलोहून जास्त पिठाच्या कणकेतून काढलेला हल्ला, म्हणजे कोहेनचा तुकडा, खात नाहीत, जाळतात. उरलेला पाव घरचे सगळे खातात, पाळीतल्या बाईने मळून भाजलेला असला तरी. नवरा-बायकोच्या स्पर्शाचे निर्बंध आहेत, पण ते वेगळं प्रकरण.

आणि जुन्या काळी वीर्यस्खलन झालेल्या कोहेनने हात लावलेला तेरुमाही जाळावा लागे. बुडी मारून सूर्यास्त होईपर्यंत त्याला तो खाता येत नसे. त्याला स्वयंपाकघराबाहेर बसवायचं फॉरवर्डवाल्यांना सुचलेलं नाही.