समुपदेशन सुरू केले की गोळ्या बंद? एका संदेशाबाबत खुलासा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, मन आणि शरीर यांचा एकत्रित विचार करणाऱ्या समुपदेशकाकडे जाणे सुरू केले की मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या लगेच बंद करता येतात. शिवाय पहिल्याच भेटीत आपले नाव सरकारदरबारी नोंदले जाते, असेही त्यात म्हटले आहे. यातील पहिला दावा चुकीचा तर आहेच, पण धोकादायकही आहे. नैराश्यावरील औषधे एकाएकी थांबवल्यास चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता असे त्रास उद्भवू शकतात. मात्रा केव्हा आणि किती कमी करायची, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

अशा समुपदेशकाकडची पहिली भेट बहुतांशी विचारपूस करण्यातच जाते: झोप लागते का, लोकलच्या गर्दीत छाती धडधडते का, मान कधीपासून आखडली आहे, थायरॉईडची तपासणी झाली आहे का. (थायरॉईडची कमतरता नैराश्यासारखी भासू शकते, त्यामुळे हा प्रश्न अवांतर नव्हे.) पुढील उद्दिष्टे दोघांनी मिळून ठरवायची असतात, श्वसनाचा एखादा सराव नकोसा वाटला, तर तसे सांगण्यात संकोच कसला?

नावनोंदणीची भीतीही निराधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद त्यात आहेत.