प्रोबला हात कोण लावणार

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वाद अजूनही निघतो. एप्रिल २०२१, कोविडमुळे नागपुरात बेड मिळत नव्हते, त्यात काकांना लकवा मारला. साधा सीटी झाला, पण मानेची सोनोग्राफी आरटीपीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत अडली ती दोन दिवस अडली. चुलतभाऊ म्हणतो, "ताई, सगळे घाबरून राहिले होते, तुमच्या तिकडे असं झालं असतं का?" मी इकडे इंग्लंडात लेस्टरला कॅरोटिड डॉपलरच करते, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, त्यामुळे बोलणी मलाच.

खरं सांगू का, थोडंफार झालं असतं. आम्हीही २०२० मध्ये फॉलोअपचे स्कॅन सरसकट पुढे ढकलले. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) मान दिसली असेल तर त्याच दिवशी परत प्रोब (सोनोग्राफी करताना अंगावर फिरवतात तो) लावायची काही गरज नसते. पण काकांचा अँजिओ झालाच नव्हता ना! हलका झटका असेल आणि कॅरोटिड बरीच अरुंद झाली असेल तर १४ दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं असं धरतात, मग त्यातले दोन दिवस रिपोर्टची वाट बघण्यात काहून घालवायचे? पेशंट पॉझिटिव्हच आहे असं धरून चालायचं आणि स्कॅन करून मोकळं व्हायचं.

आता भीती खोटी होती असंही नाही. लकव्याचा पेशंट म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं, मास्क घसरतो, वाचा गेलेली असेल तर ताप होता का, खोकला होता का काही सांगता येत नाही, आणि आपलं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर लांब, तेही वीस-पंचवीस मिनिटं. आम्ही काय केलं तर खुर्ची पेशंटच्या डोक्यामागे घेतली, मान पलीकडे वळवली, मापं नंतर बाहेर बसून घेतली, जेलीची मोठी बाटली बंद करून एकदाच वापरायची पाकिटं आणली आणि प्रोबबरोबर वायर आणि कीबोर्डही पुसायला लागलो (वायर सगळेच विसरतात, ती पेशंटच्या छातीवरून लोळत असते). यात पैसा असा कितीसा लागतो सांगा.

आणि विलायतेचं कौतुक जरा आवरा. सोनोग्राफीत एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक थेंब) उडत नाही म्हणून आम्हाला इथे साधा सर्जिकल मास्क, तेव्हा नागपूरची माझी मैत्रीण एन९५ घालून काम करत होती. एप्रिल २०२० मध्ये तर इथे गाऊन संपत आले होते आणि अख्खा देश तुर्कस्तानहून गाऊन आणणाऱ्या विमानाकडे डोळे लावून बसला होता.

भाऊ मग कायद्यावर येतो, म्हणे पीसीपीएनडीटीमुळे (गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा) सोनोग्राफीचं मशीन वॉर्डात नेता येत नाही. चूक. नोंदणी झालेल्या हॉस्पिटलच्या आत, भरती पेशंटसाठी पोर्टेबल मशीन चालतं. मुली वाचवायला आलेल्या कायद्यावर माझा राग नाहीच. अडचण दुसरीच आहे, तिकडे प्रोब फक्त डॉक्टरनेच धरायचा, आणि काकांच्या हॉस्पिटलात तो एकच डॉक्टर क्वारंटाइनमध्ये गेला की मशीन चादरीखाली. इथे डॉक्टर नसलेले आम्ही टेक्निकल लोक रोज हेच करतो, एक आजारी पडली की दुसरी उभी.

परवा भाऊ म्हणाला, "मग तूच ये ना वापस." आले असते रे, पण मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं हेच काम करून राहिली, तरी नागपुरात काकांच्या मानेला मला प्रोब लावता येणार नाही.