मचाणावरचा हार्नेस माणसाला मारत नाही

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात सप्टेंबरच्या मध्याला धनुष्यबाणाने हरणं मारायचा हंगाम उघडतो, आणि त्याच्या दोनेक आठवडे आधी तो मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या गटांवरून आला, चक्क मराठीत. इकडे राहून शिकारीला लागलेले आपले लोक थोडे आहेत, पण आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे आपल्यातला जवळजवळ प्रत्येकजण हे सगळं इथे येऊन, मोठ्या वयात शिकलेला. म्हणूनच हा मेसेज मला नुसता चुकीचा वाटत नाही, त्याची भीती वाटते. लहानपणापासून बापाबरोबर रानात गेलेला माणूस तो वाचून सोडून देईल. आपल्यातला नवखा माणूस खरं मानेल.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. झाडावरच्या मचाणावर बसताना हार्नेस, म्हणजे अंगाला घालून दोराने झाडाला अडकवायचे पट्टे, बांधू नका. बांधून पडलात तर लटकल्या जागी दहा मिनिटांत जीव जातो, न बांधता पडलात तर फार तर हातपाय मोडेल. पडतात ते नवशिके नाहीतर प्यालेले. पंधरा-वीस फूट ही काय उंची आहे, कोकणात लोक साठ फुटी माडावर बिनपट्ट्याचे चढतात. हार्नेसमुळे धनुष्य नीट ओढता येत नाही. आणि हे सगळं कंपन्यांनी माल खपवायला काढलेलं आहे.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: इथलं मचाण म्हणजे एकट्या माणसाला बसता येईल अशी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बैठक आणि पायाखाली जाळीची पाटी. हे सगळं पट्ट्याने किंवा साखळीने खोडाला आवळलेलं. बाणाची शिकार जवळूनच होते, वीस-तीस पावलांवरून. इतक्या जवळ आलेल्या हरणाला आपला वास आणि हालचाल कळू नये म्हणून माणूस वर जाऊन बसतो.

आता लटकण्याचं. मेसेजमध्ये खऱ्याचा अंश असलेला मुद्दा हा एकच, म्हणून त्याला वेळ देतो. माणूस पट्ट्यात निश्चल लटकला की पायांतलं रक्त वर यायला अडचण होते. मांड्यांवर पट्टे दाबतात, चक्कर येते, शुद्ध हरपू शकते, आणि तसाच राहिला तर मृत्यूही येऊ शकतो. हे खोटं नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने कुठला पट्टा आणि किती वेळ हे दोन्ही सांगितलेलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. अमेरिकी हवाई दलाच्या राइट-पॅटरसन तळावर १९८०च्या दशकात माणसांना मुद्दाम वेगवेगळ्या पट्ट्यांत लटकवून पाहिलं होतं. नुसत्या कमरेच्या पट्ट्यात माणसं सरासरी दीड-पावणेदोन मिनिटं टिकली, छातीच्या पट्ट्यात सहा मिनिटं, आणि मांड्या-खांदे-छाती सगळं धरणाऱ्या पूर्ण हार्नेसमध्ये चौदा मिनिटं. टिकली म्हणजे त्यानंतर मेली असं नव्हे, त्यानंतर त्यांना सहन होईना म्हणून उतरवलं. कमरेचा पट्टा पडल्यावर बरगड्यांवर सरकतो आणि श्वास कोंडतो. जुन्या शिकाऱ्यांनी लटकून मेलेल्या माणसाची गोष्ट ऐकली असेल तर ती बहुतेक त्या पट्ट्याची. मेसेज त्या पट्ट्याचं पाप आजच्या हार्नेसच्या माथी मारतो.

आणि ती चौदा मिनिटं नुसती लटकून काढायची नसतात. मी हे स्वतः करून पाहिलंय. घरामागच्या मेपलला, जमिनीपासून फूटभर उंचीवर, पूर्ण हार्नेस घालून लटकलो. बायको मोबाइलवर वेळ लावून शेजारी उभी होती. पहिली दोन मिनिटं काही नाही. तिसऱ्या मिनिटाला जांघेत पट्टे रुतायला लागले, पाचव्याला उजव्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या, सहाव्याला मी "पुरे" म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा लटकलो, पण या वेळी खिशातून तो छोटा पट्टा काढला, जो हार्नेसबरोबरच येतो आणि जो निम्मे लोक पिशवीतच विसरतात. तो हार्नेसला अडकवून त्याच्या फासात पाय घातले आणि उभा राहिलो. मांड्यांवरचा भार लगेच उतरला. वीस मिनिटं तसाच गप्पा मारत उभा होतो, शेवटी बायकोच कंटाळली. तुम्हीही हे करा, पण एकट्याने नको आणि फूटभराच्या वर नको.

इथे आणखी एक गोष्ट फिरते, की लटकलेल्या माणसाला खाली आणल्यावर आडवं करू नका, बसवून ठेवा, नाहीतर साचलेलं रक्त हृदयात घुसून तो मरेल. ब्रिटनच्या कामगार-सुरक्षा खात्याने २००९मध्ये यावरचा सगळा पुरावा तपासून घेतला, आणि त्या समजुतीला आधार सापडला नाही. माणूस खाली आला की नेहमीचे प्रथमोपचार करा, आडवं करा, ९११ला फोन लावा. बसवून ठेवण्यात वेळ घालवू नका.

फोनवरून आठवलं: तो छातीच्या खिशात ठेवा. पिशवीत ठेवलात तर पिशवी वर मचाणाला टांगलेली आणि तुम्ही खाली दोराला, असा प्रकार होतो. आज कुठल्या झाडावर बसणार आणि किती वाजता परत येणार हे घरी कोणाला तरी सांगून जा. मेसेजातल्या त्या दहा मिनिटांवरचा खरा उपाय हा आहे.

"फार तर हातपाय मोडेल" हे वाक्य वाचून मला राग आला. वीस फुटांवरून सुटलेला माणूस साधारण सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर असतो, ताशी चाळीसेक किलोमीटरच्या वेगाने. त्या सव्वा सेकंदात फांदी धरता येत नाही, अंग सावरता येत नाही, हे नीट समजून घ्या. मध्य ओहायोतल्या दोन मोठ्या ट्रॉमा केंद्रांत दहा वर्षांत आलेल्या १३० जखमी शिकाऱ्यांची नोंद २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले निम्मे पडून जखमी झालेले होते आणि गोळी लागलेले २९ टक्के. पडलेल्यांपैकी बहुतेक सगळे मचाणावरून पडले होते, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांचा मणका मोडला होता. हातपाय नव्हे, मणका. काही जणांना कायमचा लुळेपणा आला. इकडे येताना आपल्याला बंदुकीचीच धास्ती असते, पण या नोंदीत झाडाने बंदुकीहून जास्त माणसं जायबंदी केली होती.

त्याच नोंदीत दारू प्यालेले अगदी तुरळक निघाले, त्यामुळे "प्यालेले पडतात" या समाधानालाही जागा राहत नाही. नवशिक्यांबद्दल मी अनुभवाने सांगतो: नवशिका घाबरून तरी असतो. वीस वर्षं काही झालं नाही म्हणणारा माणूस गेल्या हंगामात झाडावरच सोडलेल्या मचाणावर पाय ठेवतो, आणि मधल्या वर्षात खारींनी पट्टा कुरतडलेला असतो, उन्हाने शिवण कुजलेली असते, झाड जाड होऊन पट्टा ताणून फाटायला आलेला असतो. त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवाचा त्या पट्ट्याला काही उपयोग नाही.

शिवाय बहुतेक पडणं वर शांत बसलेलं असताना होतच नाही. चढताना, उतरताना, आणि सगळ्यात जास्त धोक्याचं म्हणजे शिडीवरून पाटीवर पाय टाकताना. नोव्हेंबरात पहाटे पाचला अंधार असतो, पाटीच्या जाळीवर मिठासारखं दहिवर गोठलेलं असतं, पायात जड बूट, हातात जाड मोजे. मी स्वतः एकदा तिथेच घसरलो. डावा पाय पाटीवरून सटकला, नडगी कडेवर आपटली आणि दोर ताणला गेला. मी सहा इंच खाली गेलो आणि थांबलो. सहा इंचच, कारण मी लाइफलाइनला बांधलेला होतो. हा दोर झाडाच्या बुंध्यापासून मचाणाच्या वरपर्यंत बांधून ठेवायचा. त्यावर प्रुसिक गाठ असते, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकाने १९३१मध्ये पुढे आणलेली. ही गाठ हाताने सरकवली की सरकते, झटका बसला की दोराला घट्ट चावते. जमिनीवर असतानाच तिला हार्नेस अडकवायचा आणि चढताना हाताने वर सरकवत न्यायची. पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत सोडायचं नाही. वर पोचल्यावर हार्नेस अडकवणारे आणि उतरायच्या आधी सोडणारे मी खूप पाहिलेत. त्यांनी धोक्याचा सगळा भाग बिनपट्ट्यानेच पार पाडलेला असतो.

आता माडाचं. मी वेंगुर्ल्याचा. मेसेजमध्ये हा मुद्दा आहे म्हणून मला हे लिहावंसं वाटलं, हेही सांगतो. आमच्या वाडीत नारळ पाडायला येणारा पाडेली अनवाणी चढायचा. हातांची मिठी खोडाला, दोन्ही तळवे खोडाला, सगळं लक्ष खोडावर, आणि पाच-सात मिनिटांत खाली. त्याची आणि थंडीत चार तास न हलता बसून डुलकी लागणाऱ्या, बाण मारायला पाटीच्या कडेवर उभं राहून दोन्ही हात धनुष्याला गुंतवणाऱ्या माणसाची तुलनाच होत नाही. आणि पाडेली पडत नाहीत हे कोणी सांगितलं? आमचा पाडेली पडला. पावसाळ्यानंतरचा शेवाळलेला माड होता. तो वाचला, पण नंतरची सगळी वर्षं ओटीवरच्या खाटेवर गेली, आणि त्याची बायको दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून घर चालवत राहिली. नारळ विकास मंडळाला माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' नावाची वेगळी अपघात विमा योजना काढावी लागली, ती उगाच नव्हे. कोकणातल्या माणसाला कोणी पट्टा दिला नाही म्हणून तो बिनपट्ट्याचा चढला. त्याच्या नाइलाजाला शौर्य म्हणून आपल्या हौसेच्या कामी लावू नका.

धनुष्य ओढता येत नाही, ही तक्रार ज्यांनी दोर चुकीच्या उंचीवर बांधला त्यांची असते. झाडाभोवतीचा पट्टा डोक्याच्या उंचीला किंवा थोडा वर घ्या. खाली बसल्यावर दोर जवळपास ताणलेला असला पाहिजे, झोळ नको. तो पाठीमागून, दोन खांद्यांच्या मधून येतो, प्रत्यंचा ओढणाऱ्या हाताच्या वाटेत येतच नाही. उलट हरीण खोडाच्या मागच्या बाजूने आलं तर दोरावर भार टाकून बाहेर झुकता येतं, जे बिनपट्ट्याचा माणूस करूच शकत नाही. एवढं मात्र खरं की हंगामाआधी जाड जॅकेट आणि हार्नेस घालूनच चार-पाचदा सराव करावा लागतो. धनुष्य हातात घेऊन कधी चढू नका. ते खाली ठेवा, बाण झाकलेल्या भात्यात ठेवा, आणि वर जाऊन बसल्यावर दोरीने ओढून घ्या.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. इथल्या मचाण बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या मानकाप्रमाणे तयार केलेल्या मचाणाच्या खोक्यातच पूर्ण हार्नेस येतो. वेगळा पैसा द्यावा लागत नाही. लोक तो खोक्यातच ठेवून देतात. वापरणार असाल तर त्यावरचं लेबल वाचा, मुदत लिहिलेली असते, आणि एकदा झटका बसलेला हार्नेस पुन्हा वापरू नका.

ज्या दादांनी हा मेसेज आमच्या गटावर टाकला, त्यांना मी परवा फोन केला. त्यांच्याकडे जुना कमरेचा पट्टा आहे, आणि एकदा त्यात अडकून ते घाबरले होते. त्यांची भीती खरी होती, पट्टा चुकीचा होता. रविवारी ते येतायत. मेपलला दोर बांधून ठेवलाय, फूटभर उंचीवर. बायकोने वेळ लावायचं कबूल केलंय.